खाडीकाठच्या आळीचे गुण

“संडास?” मोतीरामने विचारलं.

“येवढा मोठा दर्या हाय की, साहेब,” नारू म्हणाला, आणि दारात जमलेले सगळे हसले.

मोतीराम हसला नाही. सकाळपासून हा विनोद त्याने वीसेक वेळा ऐकला होता. पेन्सिलीने शून्य लिहून तो पुढच्या रकान्याकडे वळला. छप्पर, पाणी, गटार, हवा, उजेड. प्रत्येकाला गुण आणि शेवटी शंभरातली बेरीज. बासष्ट साल होतं. सरकारी कचेरीने डहाणूतल्या वस्त्यांचं राहणीमान मोजायला काढलं होतं, आणि खाडीकाठची ही मच्छीमारांची आळी मोतीरामच्या वाट्याला आली होती. एप्रिलच्या उन्हात त्याचे पाय चपलेत शिजत होते.

आळीत आज काहीच चांगलं नव्हतं. नारूच्या बायकोने, शांतीने, दोन्ही कंदील जाळ्यांच्या ढिगाखाली दडवले होते. कमरेला काळा दोरा बांधलेलं एकच तान्हं बाळ मोतीरामला तीन वेगवेगळ्या घरांत भेटलं. आळीत नारूचा शब्द चालायचा, आणि नारूने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की जेवढे गुण कमी, तेवढा नळ लवकर.

खरं काय ते मोतीरामला ठाऊक होतं. सरासरी चाळीसच्या खाली गेली की आळीवर ‘राहण्यास अयोग्य’ असा शिक्का बसणार होता. मग घरं पाडून माणसांना रेल्वे स्टेशनच्या पलीकडे खोल्या मिळणार होत्या. याबद्दल लोकांशी बोलायचं नाही, अशी कचेरीतल्या साहेबांची ताकीद होती. गेल्या वर्षी त्याने अशीच एक आळी मोजली होती. तिथला होडी हाकणारा रामा तांडेल आता स्टेशनवर गवताचे भारे उचलायचा. परवा भेटला तेव्हा त्याने रागाचा शब्दही काढला नाही. “राम राम साहेब,” म्हणाला आणि भारा घेऊन पुढे गेला. मोतीराम स्वतः चिंचणीच्या मच्छीमाराचा मुलगा होता. त्या ‘राम राम’नंतर त्याला नीट जेवण गेलं नव्हतं.

दुपारी तो विहिरीच्या कठड्यावर बसला आणि बेरीज केली. छत्तीस घरं, सरासरी सव्वीस. शांतीने लोटाभर पाणी आणून दिलं. ते पिऊन त्याने लोटा खाली ठेवला.

“नारूभाऊ, नळ येणार नाही,” तो म्हणाला. “आळी उठणार आहे. स्टेशनापलीकडे.”

नारूने काठावरच्या होड्यांकडे बघितलं.

“आनि होड्या?”

“होड्यांचा रकाना नाही.”

मोतीरामने खिशातून खोडरबर काढलं. “हे मी सांगितलं असं कळलं तर माझी नोकरी जाईल,” तो म्हणाला. “चला, पहिल्या घरापासून.”

दुसरी फेरी सुरू झाली. कंदील बाहेर आले. बाळ आपल्या आईकडे गेलं. नारू स्वतः फावडं घेऊन गटार उपसायला लागला. मोतीराम खोडत गेला, लिहीत गेला. खऱ्याने जिथे चाळीस भरत नव्हते, तिथे त्याने खोटं लिहिलं. उन्हं कलेपर्यंत सरासरी त्रेचाळीसवर आली.

पहिल्या फेरीपासून एकच घर राहिलं होतं, सदतिसावं, वेणूचं. ती सकाळपासून सुके बोंबील घेऊन बाजारात गेली होती, ती आता दारात पाटी उतरवत होती. पन्नाशीची, वाळलेली बाई.

“तिला इचारायची काय गरज नाय,” नारू म्हणाला. “बेचाळीस लिवा नि घरी जा. दमलात.”

पण मोतीराम आत गेला. घर स्वच्छ होतं. दर्याकडच्या खिडकीवर पत्रा ठोकलेला होता.

“मावशी, खिडकी का बंद केली? हवेचे गुण जातात.”

वेणू पाटीतले उरलेले बोंबील आवरत राहिली. नारूने त्याला बाजूला घेतलं. “तिचा नवरा नि पोरगा गेले तुफानात. चार वर्सं झाली. होडीची फळीसुदा गावली नाय,” तो हळूच म्हणाला. मग आवाज चढवून, “वेणू, आळी वाचली बघ! सरकार आपल्याला उठवनार होतं. या साहेबांनी वाचवली.”

वेणूने पदराला हात पुसले. “कुठं नेनार होते?”

“स्टेशनाच्या पलीकडे,” मोतीराम म्हणाला.

“तिथनं दर्या दिसतो?”

“नाही, मावशी.”

“रात्रीचा आयकू तरी येतो?”

“नाही. लांब आहे खूप.” तिची समजूत काढावी म्हणून तो घाईने म्हणाला, “पण आता जायचं नाही तुम्हाला. काळजी करू नका.”

वेणू खाली बसली. तिने त्याच्या हातातल्या कागदाकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

“यांना ऱ्हाऊ दे, बाबा. मला येकटीला उठव.”

“अगं, पन जायचंच असेल तर जा की,” नारू म्हणाला. “तुला कोन अडवतो?”

“आपनहून कशी जाऊ?” वेणू म्हणाली. “उद्या ते दोघं आले, तर काय सांगू? सरकारनं उठवलं, येवढं तरी सांगता येईल.”