दगडातली हाक

विशाखा मोघे सकाळपासून हेडफोन लावून बसली होती. रोमन अँफिथिएटरच्या दगडांत मुरलेला दोन हजार वर्षांपूर्वीचा जल्लोष यंत्रातून दर संध्याकाळी पर्यटकांना ऐकवला जाई. त्यातून रिंगणात मरणाऱ्यांचा आक्रोश पुसून टाकणं हे तिचं काम. अकरा वर्षं ती तेच करत होती.

आज एक माणूस मरताना हाका मारत होता. भाषा परकी होती, तरी तो आईला बोलावतोय हे तिला कळलं.

“पुसलंस का?” व्यवस्थापक लुकाने विचारलं.

“नाही. थकले मी आता.”

तिने जल्लोष पुसला आणि हाक तेवढी ठेवली. संध्याकाळी भरलेल्या अँफिथिएटरमध्ये तेवढी हाकच घुमली. पुढच्या रांगेतली एक म्हातारी काठी टेकत उठली आणि रिकाम्या रिंगणाकडे बघत म्हणाली, “आले रे, बाळा.”