दवाखान्याचा बोका

मांजरीच्या हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या. तरुण डॉक्टरने तिच्या हाडातली मज्जा सुईने काढून काचेवर पसरली. रक्त तयार करणाऱ्या पेशी जवळपास संपल्या होत्या. मांजरांमध्ये एकमेकांकडून पसरणाऱ्या ल्युकेमियाच्या विषाणूची चाचणीही पॉझिटिव्ह आली. "ही कधी उंबरठा ओलांडत नाही, मग लागण कुठून?" मालकीणबाईंनी विचारलं. मागे ऑपरेशनच्या वेळी मांजरीला, रक्त देण्यासाठी दवाखान्यात पाळलेल्या बोक्याचं रक्त चढवलं होतं. डॉक्टरने बोक्याला तपासलं; तोच विषाणू निघाला. "याला आपण कधी तपासलंच नव्हतं?" त्याने मोठ्या डॉक्टरांना विचारलं. ते सफरचंद चावत म्हणाले, "मांजरंच तर आहेत. दुसरा बोका आणू. बाहेर बोलू नकोस." त्यांच्या हनुवटीवर ओघळलेला रस बघून त्याला शिसारी आली. त्याने बाहेर येऊन मालकीणबाईंना खरं सांगितलं. मग मांजरीच्या सुई टोचलेल्या जागेवरची पट्टी बदलायला तो वाकला. "हात लावू नका तिला," त्या म्हणाल्या.