खिळा

लातुरात क्लासेसच्या मागच्या गल्लीवर सत्यम माहितीपट काढत होता. होस्टेलं उभी राहिली, भाडी चढली, जुनी माणसं गावाबाहेर फेकली गेली, असा विषय. लोकांचं दुःख लॉजवर बसून कळत नाही, म्हणून त्यानं पुण्याहूनच फोन करून गल्लीत खोली ठरवली. गरिबांच्या वस्तीत भाड्याची घासाघीस करणं त्याच्या तत्त्वात बसलं नाही. मालक म्हणाला तेवढं कबूल केलं. खोलीच्या भिंतीत एक खिळा आयताच सापडला. ‘संवेदनशील दिग्दर्शक’ म्हणून मिळालेलं प्रशस्तिपत्र त्यानं तिथं टांगलं आणि कामाला लागला.

चौथ्या दिवशी त्याला हवा तसा चेहरा मिळाला. धुरपताबाई. सगळा जन्म याच गल्लीत गेलेला. आता रिंगरोडच्या पलीकडून ॲटोनं येऊन होस्टेलच्या मेसमध्ये पोळ्या लाटायच्या. सत्यमनं कॅमेरा लावला आणि आवाज जमेल तितका हळवा केला.

“मावशी, तुम्हाला इथून कुणी घालवलं? घाबरू नका, नाव घ्या.”

“नाव कुठं ठाव हाय, साहेब? मालक म्हणला, पुण्याचा शूटिंगवाला मागंल तेवढं भाडं द्यायलाय, खोली खाली करा.” धुरपताबाईंनी तव्यावरची पोळी उलटली. “तुमच्याच लाईनीतला हाय, वळखत असाल. भेटला तर सांगा, भिंतीतला खिळा तेवढा उपटू नको म्हणावं. बाबासाहेबांचा फोटू होता त्याला.”