नाकाचा कौल

कढईतले धणे तापू लागले, आणि यज्ञेश्वरशास्त्र्यांना भिंतीआड उंदीर मरून पडल्यासारखी दुर्गंधी आली. त्यांनी उपरणे नाकाशी धरले आणि खोकल्याचे निमित्त केले.

महिन्यापूर्वीच्या तापाने त्यांचे घ्राणेंद्रिय विपरीत करून ठेवले होते. तूप कुजकट वाटे, भाजल्या खोबऱ्याला गटाराचा दर्प येई. हे त्यांनी पत्नीपासून, द्वारकाबाईंपासून, लपवले होते. कारण लग्नानंतरच्या पहिल्या वर्षापासून घरचा गोडा मसाला त्यांच्याच नाकाच्या कौलावर होत आला होता. त्या भाजत, हे डोळे मिटून हुंगत आणि ‘उतरव’ म्हणत. स्वयंपाकघराने त्यांना दिलेला तेवढाच मान होता.

द्वारकाबाईंनी ताटली पुढे धरली. “सांगा.”

उमासा दाबून, डोळे मिटूनच ते म्हणाले, “उत्तम. सुगंध सुटला आहे.”

“कोळसा झालाय धण्यांचा. मुद्दाम करपवलेत मी,” त्या म्हणाल्या. “महिनाभर ताटावर तोंड वाकडं करून बसता, जणू एरंडेल वाढलंय. मला वाटलं, माझ्याच हातची चव गेली.”

शास्त्रीबुवांनी मान खाली घातली. “किळस येते गं, सगळ्याचीच. तुझ्या हातचं, म्हणून सांगवेना.”

द्वारकाबाईंनी करपलेले धणे टाकून दिले, कढई पुसली आणि तीळ घातले. “नाक राहू द्या. कान शाबूत आहेत ना? तडतड मंदावली की सांगा.”

शास्त्रीबुवांनी उपरण्याने नाक घट्ट बांधले आणि पाट शेगडीजवळ ओढून घेतला.