तुंबलेलं गटार

गल्लीतलं गटार आपणच उपसायचं ठरलं आणि पुढारपण आपसूक शिंपीकाकांकडे आलं. "तुंबवणारा सापडू दे, त्यालाच यात उतरवतो!" असं दरडावत, पँट दुमडून तेच आधी गुडघाभर घाणीत उतरले. पाइपच्या तोंडात अडकलेला बोळा त्यांनी दात-ओठ खाऊन ओढला, तर कातरणांचा हा एवढा गुंता बाहेर आला. शेजारच्या वहिनींनी त्यातली एक चिंधी बादलीत खळबळून वर धरली. निळी, फुलाफुलांची.

"काका, हे आमच्या छकुलीच्या फ्रॉकचं कापड. कमी पडलं म्हणून बाह्या आखूड केल्या होत्यात ना?"

काकांनी आपल्या बुडालेल्या पायांकडे पाहिलं.

"चला," ते म्हणाले, "मला उतरवायची तुमची तसदी तरी वाचली!"