तुळजापूरची चौकट

सर पडद्यावर आले आणि तुळजापूरच्या वर्गातले पाचही जण उभे राहिले.

उभे राहिले की त्यांची डोकी चौकटीबाहेर जात. कॉलेजच्या सुताराने कॅमेरा भिंतीत पक्का ठोकला होता, खुर्चीत बसलेल्या माणसाच्या बेताने. त्यामुळे समुद्राकाठच्या विद्यापीठातून शिकवणाऱ्या पेडणेकर सरांना तासाच्या सुरुवातीला रोज बिनडोक्याची पाच माणसं दिसत. तीन सदरे, एक ओढणी आणि शिवकन्याचा पदर.

"बसा, बसा. चेहरे दिसू द्या," सर रोज म्हणत.

पहिल्या दिवशी सरांच्या समोर बसलेली तिकडची मुलं खो खो हसली होती. ती स्वतः कधी उठत नसत. ही कवायत बंद करू, असं पाचांतल्या इंद्रजितने तेव्हाच सुचवलं. यंत्र चालू करायला आलेले धोंडीबामामा त्याच्यावर उखडले. "गुरुजी आल्यावर बूड टेकून बसायचं व्हय रे? पडद्यावर आले म्हणून काय कॅलेंडरवरचं चित्र झाले का ते?" कवायत चालू राहिली.

गणिताची ही एम.एस्सी. दोन विद्यापीठं मिळून देणार होती. शिकवणारे तिकडे, शिकणारे निम्मे इकडे. शिवकन्या तामलवाडीहून एसटीने यायची. सरांच्या पाठीमागे एक खिडकी होती आणि खिडकीत समुद्र. तिने समुद्र पाहिलेला नव्हता. सर फळ्यावर अनंत श्रेणी मांडत, मागे लाटा येत राहत. सरांच्या माईकमधून गाज इकडे यायची, इकडच्या माईकमधून देवळापाशी वाजणारा संबळ तिकडे जायचा. आवाज चित्राच्या दोन सेकंद मागे असे. आधी सरांचे ओठ हलत, मग शब्द येत, पाण्याखालून वर आल्यासारखे. दुपारच्या उन्हात, पंख्याखाली, कधी कधी तिला वाटे की ही खोलीच भिंतींपासून सुटून सावकाश तरंगत निघाली आहे.

आज सरांनी खडू घेतला नाही. त्यांच्या हातात कागद होता.

"दुसरं वर्ष असंच पडद्यावर चालवायचं का, असं विद्यापीठाने मला विचारलंय," ते म्हणाले. "मी लिहिलंय, बंद करा. वर्ष झालं, अजून मला तुमची नावं चौकटीखाली वाचावी लागतात. याला शिकवणं म्हणत नाहीत. तुम्ही इकडे या. वसतिगृहात जागा आहे."

"मी तर उद्याच जातो," इंद्रजित पुटपुटला. "गणित न्हाय आलं तरी मासे खायला येतील."

बाकीचे हसले. शिवकन्या हसली नाही. घरी तिची अडीच वर्षांची मुलगी होती. सिताबाईंनी, तिच्या सासूबाईंनी, एकच अट घातली होती. "सांजच्याला घरी येत जा, मग पायजे तेवढं शीक. पोरीला म्या बघते." समुद्राकाठून सांजच्याला तामलवाडीला पोचणारी एसटी नव्हती.

"कागद पाठवण्याआधी कुणाला काही सांगायचंय?" सरांनी विचारलं.

शिवकन्याने माईक जवळ ओढला.

"सर, पडद्यामुळं गेलं ते पुष्कळ गेलं. तुमच्या फळ्यापाशी उभं राहून एकदाही चुकता आलं नाही. माझी शंका तुमच्यापर्यंत पोचते, तोवर तुम्ही पुढच्या ओळीवर असता. पण सहाच्या गाडीनं मी घरी जाते. पोरीला निजवताना तुमची श्रेणी सांगते. एक पाऊल टाकायचं, मग त्याच्या निम्मं, मग त्याच्याही निम्मं. रोज जवळ जायचं, पण पोचायचं नाही. तिला ती लाटेची गोष्ट वाटते. ती रोज विचारते, आई, आज पोचली का गं लाट? मी म्हणते, उद्या सर सांगतील."

दोन सेकंद गेले. मग चार. मग दहा. सर हलले नाहीत.

"लाइन गेली वाटतं," इंद्रजित म्हणाला.

पण खिडकीतल्या लाटा हलत होत्या.

मग सर उठले. वर्षभरात तासाला बसलेले सर असे मधेच कधी उठले नव्हते. फळासुद्धा त्यांच्या हाताशीच असे. त्यांचं डोकं चौकटीबाहेर गेलं. उरला एक पांढरा सदरा, खिशाला लागलेली खडूची पूड आणि दोन हात. एका हाताने खिशातलं पेन काढलं. कागदावरची एक ओळ खोडली, तिच्यावर दुसरी लिहिली. मग पाण्याखालून शब्द वर आले. "दुसरं वर्ष इथंच. या पडद्यावर."

तिकडच्या वर्गात एकामागून एक खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला.

सदरा तसाच उभा होता. एका हाताने खिशातून रुमाल काढला. तो चौकटीबाहेर, वर गेला आणि बराच वेळ खाली आला नाही.

शिवकन्या माईककडे वाकली.

"बसा, सर," ती म्हणाली. "चेहरा दिसू द्या."