शालनच्या आठवणींची वाटणी

शालन मृत्युपत्र न करताच गेली. त्यामुळे तिच्या डोक्यातून काढून ठेवलेल्या आठवणींची वाटणी निबंधकाच्या कचेरीत करायची होती. वारस तिघं: नवरा भास्कर मोहिते, मुलगा रणजित आणि मुलगी पद्मजा.

रणजितने स्वतःचं बालपण मागितलं. पद्मजाने तिचं लग्न घेतलं. महाबळेश्वरची सहल मात्र दोघांनाही हवी होती आणि त्यावरून दोघं कारकुनासमोरच हमरीतुमरीवर आली. भास्कर दोघांकडे बघत होता. आईला दवाखान्यात न्यायचं म्हटलं की याच दोघांना सवड नसायची.

शेवटी अंथरुणावरची तीन वर्षं उरली.

“ही कोणाला?” कारकुनाने विचारलं.

दोघांनी हक्कसोडपत्र वरवर वाचून त्यावर अंगठे उठवले. सहलीसाठी भांडायला अर्धा तास लागला होता, याला अर्धं मिनिटही लागलं नाही.

“अण्णा, तुम्हीही अंगठा द्या,” रणजित म्हणाला. “तिघांनी हक्क सोडला की हे लोक पुसून टाकतात. आईचा त्रास कशाला जपायचा?”

भास्करने त्याच्याकडे पाहिलंही नाही. “साहेब, ही तीन वर्षं माझ्या नावावर लिहा.”

“अहो अण्णा, काय बघणार त्यात?” पद्मजा वैतागली. “औषधं, बेडपॅन आणि दिवसभर तुमचंच तोंड!”

“माझंच,” भास्कर म्हणाला. “तुम्हा दोघांची तोंडं त्यात कुठंच नाहीत. म्हणून तर घेतोय.”